दोन शाळांचा संघ आणि सोडलेला चहा

दिवाळी संपली की फराळाच्या डब्याच्या तळाशी चुरा उरतो. चिवड्यातले दाणे, चकलीचे काटे, शेवेचे तुकडे, सगळं एकमेकांत मिसळलेलं. पाहुण्यांपुढे तो ठेवता येत नाही. पण दुपारी घरातलेच लोक चमचा घेऊन डब्याशी बसतात, आणि माझ्या मते खरी चव त्या चुऱ्यातच असते.

सभांचंही तसंच आहे. ठराव, सूचना, अनुमोदन हे सगळं वहीत जातं. तळाशी उरतात ते किस्से. आमच्या गावातल्या दोन शाळांचे दोन पालक-शिक्षक संघ होते, ते एक झाले. तेव्हापासून माझ्या डब्यात एवढा चुरा साचलाय की झाकण लागत नाही. म्हणून आज थोडा वाटून टाकते.

* * *

आमचं गाव किन्हीराजाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. मधून नाला जातो. नाल्याच्या या अंगाला देऊळ, आमची शेतकऱ्यांची घरं आणि वरची शाळा. त्या अंगाला बौद्ध वस्ती, विहार आणि खालची शाळा. दोन्ही शाळा चौथीपर्यंत. पाचवीला ऑटोत बसून किन्हीराजाला जावं लागायचं. मुलगे जायचे. मुलींचं ज्याच्या त्याच्या घरावर.

माझी गौरी तेव्हा चौथीत होती. सासूबाईंनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "चौथी झाली, लय झालं. ऑटोत कोंबून पोरगी पाठवाची नाही." गौरीचे बाबा आईपुढे बोलत नाहीत, माझ्यापुढेही बोलत नाहीत. वावरात बोलतात म्हणे.

पलीकडे कमलताई. खालच्या शाळेच्या संघाच्या त्या प्रमुख. घरी ब्लाउज शिवतात, आणि अर्ध्या गावाची मापं त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांचे मालक ट्रकवर, महिन्या-महिन्यानं घरी येणारे. त्यांची प्रज्ञाही चौथीतच. तिला पाचवीला मंगरूळला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं. "पोरगी शिकलीच पाह्यजे," कमलताई म्हणायच्या, "पण मंग घरात मी अन् माही मशीन."

पाचवीचा वर्ग गावातच मिळाला तर दोघींचाही प्रश्न सुटत होता. दोन्ही संघांनी आपापला अर्ज केला. केंद्रप्रमुख साहेब आले आणि त्यांनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले.

"इकडे मुलं कमी, तिकडे मुलं कमी," ते म्हणाले. "दोन अर्ज वर पाठवले तर दोन फायलींत जाऊन झोपतील. संघ एक करा. मागणी एक करा. रिकामी खोली खालच्या शाळेत आहे, वर्ग तिथं भरेल. वरच्या पालकांना ते मान्य असेल तर तसं सगळ्यांच्या सह्यांनी लिहून द्या. मग मी पुढे पाठवतो."

मग नामदेव आजोबा बोलले. त्यांचे मुलगा-सून पुण्याला असतात, नातू इथे वरच्या शाळेत आहे, म्हणून पालक म्हणून तेच येतात.

"म्हंजे लग्नच म्हना की," आजोबा म्हणाले. "मंग पत्रिका कोन पाह्यते?"

कमलताई म्हणाल्या, "पत्रिका नको, आजोबा. आमच्यात पाह्यत नाहीत. पोरं जुळली म्हणजे झालं."

* * *

त्याच दिवशी चतुर्थी होती. चंद्र पाहून झाल्यावर मी गणपतीपुढे बसले आणि मनातल्या मनात बोलले, गौरीचा पाचवीचा वर्ग गावातच भरू दे. तो भरेपर्यंत मी चहा सोडला.

मी उपास पुष्कळ करते. लोक कौतुक करतात. पण उपासाला चहा चालतो, म्हणूनच मला उपास जमतात, हे मला आणि देवाला माहीत आहे. त्यामुळे तोंडून चहा शब्द गेला तेव्हा गणपतीपेक्षा मलाच जास्त नवल वाटलं. आधी मनात वांगं आलं होतं. पण वांगं सोडून देवाला फसवल्यासारखं झालं असतं, मला ते तसंही आवडत नाही.

माझ्या आईची शिकवण अशी की बोललेला नवस पुरा होईपर्यंत तोंडाबाहेर काढायचा नाही. तो देवाचा आणि आपला. म्हणून घरात कोणालाच सांगितलं नाही. सासूबाईंच्या दोन दिवसांत लक्षात आलं, कशासाठी सोडला तेही. त्यांनी विचारलं नाही, फक्त माझ्या वाटणीचा कप स्वतः प्यायला लागल्या.

* * *

संघ एक करायचा म्हणजे सगळ्यांनी एका ठिकाणी बसायचं, आणि बसायचं म्हणजे वार ठरवायचा. वार ठरवायला आम्ही देवळाच्या पारावर जमलो.

"सोमवार घ्या," कमलताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "सोमवारी माझा उपास. संध्याकाळी पूजा असते."

"मंगळवार?"

"मंगळवारी देवीची ओटी भरायला बाया येतात."

"गुरुवार तर चालते नं?"

मी काही बोलले नाही. माझ्या शेजारची म्हणाली, "गुरुवारी वहिनी पोथी वाचते." शुक्रवारी तिचाच उपास होता. शनिवारी निम्मे बाप्ये मारुतीला. रविवारी बाजार.

कमलताईंनी पिशवी काखेत घेतली. "वहिनी, तुमचे देव वार वाटून घेतात अन् माणसायचा आठवडा संपून जाते. बुधवार राह्यला. बुधवारी कोन देव बसते?"

"विठोबाचा वार आहे," मी म्हटलं, "पण त्याचा उपास कोणी धरत नाही."

"बिचारा भला दिसते," कमलताई म्हणाल्या. "त्याचाच घ्या."

* * *

मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. वरच्या शाळेचे मुख्याध्यापक काळबांडे सर यांनी हौसेनं काढला आणि नाव दिलं, 'वरची-खालची शाळा संयुक्त संघ'.

पाच मिनिटांत कमलताईंचा निरोप. "आमीच काहून खालची?"

सरांनी नाव बदललं. 'अलीकडची-पलीकडची शाळा'. आता दोन्हीकडून निरोप सुरू झाले. पलीकडची कोण? नाल्यावर उभं राहून पाहिलं तर ज्याला त्याला दुसराच पलीकडे. एकानं नकाशा काढून टाकला. दुसऱ्यानं तो नकाशा उलटा करून टाकला.

सरांनी 'पूर्व-पश्चिम' करून पाहिलं. त्यावर आजोबांनी नातवाकडून आवाजाचा निरोप पाठवला, "सर, नाला उत्तर-दक्षिन नाही. तिरपा हाय."

संध्याकाळी ग्रुपचं नाव झालं होतं, 'बुधवार'. अजूनही तेच आहे.

* * *

पहिली सभा कुठे भरवायची यावर फार ताणलं नाही. कोणाच्याच शाळेत नको, मधोमध बसू असं ठरलं. नाल्याच्या पुलाजवळ कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. सावली चांगली होती, वारा चांगला होता, माणसंही वेळेवर आली होती. फक्त ती जागा आणि ती वेळ गावच्या म्हशींचीही होती, हे एवढ्या शेतकऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

काळबांडे सर प्रास्ताविकात "दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची वेळ" असं म्हणाले आणि दोन्ही बाजूंनी म्हशी आल्या. त्यांनी धावपळ केली नाही. त्या आपल्या रोजच्या चालीनं सतरंजीवरून गेल्या. आम्ही उठलो, वाट दिली. वरच्यांच्या म्हशी खाली, खालच्यांच्या म्हशी वर, पुलावर एकमेकींना घासून निघून गेल्या.

कमलताईंनी सतरंजी झटकली. "पाह्यलं? यायले ठराव लागला नाही."

तेव्हापासून एक सभा वर, एक सभा खाली, असं सुरू झालं.

* * *

वरच्या शाळेत आमची रीत अशी होती की बाप्ये खुर्च्यांवर आणि आम्ही बाया खाली सतरंजीवर. कोणी ठरवलं नव्हतं, होतच आलेलं. खालच्या शाळेत सगळे गोल करून खाली बसतात, मॅडमसुद्धा.

पहिल्यांदा वर आल्या तेव्हा कमलताईंनी दारातूनच सगळं पाहिलं आणि सरळ येऊन एका खुर्चीवर बसल्या. मग शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून मला म्हणाल्या, "या वहिनी."

समोर गौरीचे बाबा बसलेले. शेजारी दीर. मी पदर नीट केला आणि उभीच राहिले. बसावं तर पंचाईत, न बसावं तर कमलताईंचा हात तसाच खुर्चीवर.

कोणी तरी म्हणालं, "खालच्या शाळेसारखे सगळेच खाली बसू."

"बसा," आजोबा म्हणाले, "पण मी नाही. मी खाली बसलो तर उठवाले माणसं लागतीन."

झालं. बाप्ये खाली आले, बाया होत्याच, कमलताईही हसत खाली आल्या आणि खुर्चीवर एकटे आजोबा राहिले. तीच रीत पडली.

पुढच्या वेळी केंद्रप्रमुख साहेब अचानक आले. त्यांनी पाहिलं, सगळे जमिनीवर आणि एक गृहस्थ खुर्चीवर. त्यांनी आणलेली शाल आणि नारळ नूतन अध्यक्ष म्हणून आजोबांना दिला आणि वाकून नमस्कार केला. अध्यक्ष अजून निवडलेलाच नव्हता.

साहेब गेल्यावर सरांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही बोलला का नाही?"

"थंडीचे दिवस हाय," आजोबा म्हणाले. "शाल चांगली हाय."

मग तेच अध्यक्ष. एवढी बिनविरोध निवड गावात आजवर झाली नव्हती.

* * *

आता चहाचं सांगते.

वरच्या शाळेत सभा असली की चहा मीच गाळायची. गाळणाऱ्या बाईनं स्वतः घेतला की नाही, हे कोणी पाहत नाही. त्यामुळे माझा नवस तिथे सुखात होता.

मग खालच्या शाळेत सभा झाली. त्या दिवशी मागणीवर सह्या घ्यायच्या होत्या. कमलताईंचं घर शाळेला लागूनच. त्यांनी घरून चहा करून आणला, कपबशांचा नवा संच काढला होता, आणि ट्रे घेऊन पहिल्यांदा माझ्यापाशीच आल्या.

मी म्हटलं, "नको, ताई. मी घेत नाही."

"घेत नाही?" त्या म्हणाल्या. "तुमी? शाळेच्या हळदी-कुंकवाले तुमी सांगितलं होतं मले, की चहा नसला तं डोकं उठते."

"हो. पण आता नाही घेत."

"कवापासून?"

काय सांगणार? मी खाली पाहिलं. कमलताईंनी ट्रेवरचा तो कप उचलला, थोडा वेळ हातात धरला, परत ठेवला आणि ट्रे पुढे नेला. त्यानंतर त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. सह्यांचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी पाहू."

पुढच्या बुधवारी वरच्या शाळेत सतरंज्या टाकल्या, पण पुलावरून कोणीच आलं नाही. ग्रुपवर निरोप आला, "आज काम आहे." त्याच्या पुढच्या बुधवारी तोही आला नाही.

माझं मन बावळट. मला वाटलं, खरंच काम असेल, लग्नसराईत ब्लाउज फार असतात. देवापुढे दिवा लावत होते तेव्हा गौरी येऊन चौकटीशी उभी राहिली.

"आई, प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही."

"का गं?"

"ती म्हणते, तुझी माय आमच्या घरचा चहा पेत नाही."

हातातली काडी विझली. आमच्या गावात कोणाच्या घरचं पाणी कोणी घ्यायचं नाही, हे फार जुनं नाही. सासूबाईंना आठवतं, कमलताईंच्या आईलाही आठवत असणार. आणि मी नव्या कपबशीकडे पाहून "नको" म्हणाले होते. सगळ्यांसमोर. ज्या शाळेत माझी मुलगी बसवायची, त्याच शाळेत.

मी दुसरी काडी पेटवली. दिवा लावला. गणपतीला एवढंच म्हटलं, "तुझ्याशी नंतर बोलते."

* * *

सकाळी स्वयंपाक उरकून मी पूल ओलांडला. कमलताई मशीनवर होत्या. मला पाहून पाय थांबला नाही.

"माप द्याचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चहा प्यायला आले."

मशीन थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "आज कोनता वार आहे?"

"कोणताही असो. मांडा."

त्या उठल्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसले. त्यांनी आलं किसलं, पत्ती टाकली, दूध घातलं. उकळी येताना जो वास येतो तो मी त्या दिवशी एखाद्या पाहुण्यासारखा घेतला.

त्यांनी कप दिला. मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"कमी आहे."

"मुद्दामच कमी टाकली होती," कमलताई म्हणाल्या. "वाटलं, गोड लागला नाही तं अर्धा ठेवान, मंग मले बोलता येईन."

आणि त्या हसल्या. मीही हसले. आणखी एक कप त्यांनी ओतला तो मात्र मी खरंच नको म्हटला, आणि त्यांनी तो खरंच स्वतः घेतला.

नवसाचं मी काही बोलले नाही. घरी आल्यावर देवापुढे बसले. म्हटलं, एक कप झाला. माझ्यासाठी नव्हता, गौरीसाठीच होता. तुला जे समजायचं ते समज, मी उद्यापासून पुन्हा सुरू करते. गणपती नेहमीसारखाच दिसत होता. त्याला काही विशेष वाटल्यासारखं वाटलं नाही.

* * *

नवस तोंडाबाहेर काढायचा नाही हे मला माहीत. सासूबाईंना माहीत. गौरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. आजीला विचारून विचारून तिनं सगळं काढून घेतलं आणि मैत्री परत जुळल्याच्या आनंदात प्रज्ञाला देऊन टाकलं.

पुढची सभा खालच्या शाळेत. कमलताई किटली घेऊन आल्या. सगळ्यांना चहा ओतला. आजोबांना खुर्चीवर नेऊन दिला. माझ्यापाशी आल्या, माझ्यापुढे कप ठेवला आणि पालथा घातला. मग स्वतःचा कप घेतला, माझ्या कपाशेजारी तोही पालथा घातला आणि मांडी घालून बसल्या.

"ताई, हे काय?" मी हळूच म्हटलं.

"माह्या चहापायी तुमचा नवस मोडला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग सगळ्यांना सांगितलं, वहिनींनी चहा कशासाठी सोडला ते. मी पदर तोंडाला लावून बसले. "मी नवसबिवस मानत नाही. देवाशी माही वळख नाही. पन पोरगी माहीही पाचवीतच जाऊन राह्यली. मंग वहिनींनंच काहून सोडावा? अर्धा मी सोडला."

थोडा वेळ नुसता फुंकरा मारल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. आजोबांनी कप खाली ठेवला. "माहा नातू दुसरीत हाय," ते म्हणाले, "पन तोही कवा तं पाचवीत जाईन." शेजारच्या बाईनं ठेवला. गौरीच्या बाबांनी ठेवला, काही न बोलता. एकेक करत सगळे कप सतरंजीच्या कडेला गेले.

उरले काळबांडे सर. हे सर चहा घेतल्याशिवाय हजेरीसुद्धा घेत नाहीत. कप त्यांच्या ओठांशी होता आणि सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"सर, तुमी घ्या," कमलताई म्हणाल्या. "तुमच्यावर जबरदस्ती नाही."

सरांनी कप खाली ठेवला. "आता कसा घेऊ?" ते म्हणाले. "सह्यांचा कागद द्या इकडे."

त्या दिवशी सगळ्या सह्या झाल्या. वर्ग खालच्या शाळेत भरेल, याला वरच्या एकाही घरानं नाही म्हटलं नाही.

* * *

संघ चहा सोडून बसला ही बातमी आजूबाजूला पसरली. पण खरा त्रास सरांना झाला. दुपारच्या सुट्टीनंतर ते शुद्धलेखन सांगत आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर पाहत. मुलं सांगायची, सर एकच ओळ दोनदा सांगतात.

मग सरांनी फाइलच्या मागे लागायचं ठरवलं. त्यांची मोटरसायकल पंचायत समितीच्या आवारात एवढी दिसू लागली की तिथल्या शिपायानं विचारलं, "सर, बदली झाली का इकडं?"

तिथले साहेब भले. सरांना बसवलं, चहा मागवला. सर म्हणाले, "नको साहेब. मंजुरी आली की घेईन."

साहेबांना वाटलं, सर रागावले. मग सरांनी सगळं सांगितलं. नवस, कमलताई, पालथे कप, आजोबा.

साहेबांनी आपला कप बशीसकट बाजूला सारला आणि फाइल जवळ घेतली. "सर, तुम्ही समोर असे बसल्यावर मलाही घशाखाली उतरत नाही," ते म्हणाले. "मी हे वर पाठवतो. तुम्ही मात्र रोज येऊ नका. मला दुपारचा चहा लागतो."

सर रोज गेले.

* * *

मंजुरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. पण मी बोलले होते, वर्ग भरेपर्यंत. म्हणून शाळा उघडेपर्यंत थांबले. मी थांबले म्हणून कमलताई थांबल्या, आणि आम्ही दोघी थांबलो म्हणून 'बुधवार' थांबला. सरांनी ग्रुपवर एकदा हळूच विचारलं होतं, "मंजुरी म्हणजेच वर्ग असं धरता येईल काय?" त्यावर कोणीच उत्तर दिलं नाही.

सासूबाईंचं काय, ते राहिलंच. त्या पहिल्या दिवशी गौरीच्या आधी तयार होऊन बसल्या होत्या. "ऑटो नाही नं?" एवढं त्यांनी विचारलं आणि नातीचं दप्तर स्वतः उचललं. पुलावर मधोमध थांबून दम घेतला. नाल्याच्या त्या अंगाला त्या किती वर्षांनी येत होत्या, मी विचारलं नाही.

खालच्या शाळेतली ती रिकामी खोली रंगवली होती. दाराला आमच्याकडून आंब्याच्या पानांचं तोरण, कमलताईंकडून रंगीत कापडाच्या उरलेल्या तुकड्यांची झालर. पहिल्या बाकावर गौरी आणि प्रज्ञा शेजारी बसल्या होत्या, नवीन वह्यांवर हात ठेवून. मॅडमनी हजेरी घेतली. दोघी "हजर" म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्यानं.

व्हरांड्यात सगळा संघ उभा. कमलताई घरून मोठी किटली घेऊन आल्या. आल्याचा वास दारापासूनच सुटला. त्यांनी पहिला कप भरला आणि माझ्या हातात दिला.

मी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"काय झालं?" कमलताई म्हणाल्या. "साखर बरोबर आहे ह्या वक्ताले."

"नवसाचा आहे, ताई. आधी नैवेद्य दाखवावा लागतो."

मी देवळाकडे पाहिलं. देऊळ नाल्याच्या त्या बाजूला. तिथे जाऊन येईपर्यंत सगळा चहा गार झाला असता. सगळे रिकामे कप धरून उभे होते. काळबांडे सरांची नजर किटलीवरून हलत नव्हती.

कमलताईंनी थोडा विचार केला. "आना इकडं," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातातून कप घेतला, खाली बशी धरली, वर्गाच्या दाराशी चपला काढल्या आणि आत गेल्या. पहिल्या बाकावर, दोघींच्या बरोबर मधोमध, तो कप ठेवला. मग वळून मला विचारलं, "पानी फिरवतात नं तुमच्यात?"

मी माठातून ओंजळीत पाणी घेतलं. बाकावर, कपाभोवती फिरवलं. सासूबाईंनी दारातूनच हात जोडले.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मग गौरीनं बशी काढून घेतली, तीत चहा ओतला आणि प्रज्ञापुढे सरकवला. स्वतः कप घेतला. दोघींनी फुर्रफुर्र करत प्यायला सुरुवात केली.

शेवटी काळबांडे सरांनी आपला कप जरासा पुढे केला आणि हळूच विचारलं, "आता ओतायचा का, ताई?"

"थांबा नं, सर," कमलताई म्हणाल्या. "देव पेऊन राह्यले."